‘ब्रेक सोडला’ आणि ‘ब्रेक सोडला?’ : सोलापूर विमानतळाशी संबंधित सर्वांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर विमानतळाचे व्यवस्थापन, येथून उड्डाणे करणाऱ्या विमान कंपन्या, ग्राउंड हँडलिंगचे काम पाहणाऱ्या संस्था आणि येथे उतरणारे सर्व वैमानिक यांस,

सविनय नमस्कार.

होटगी रस्त्यावरील विमानतळावरून नियमित विमान उडावे म्हणून या शहराने एका चिमणीवर किती वर्षे आणि किती शब्द खर्च केले, हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची, विमानांच्या वाटेत येते म्हणून वादात सापडलेली ती चिमणी पाडली गेली, सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस विमानतळाचे उद्घाटन झाले, जून २०२५ मध्ये गोव्याचे विमान सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचे. चिमणीच्या वादात कोणाचे खरे होते हे मला येथे ठरवायचे नाही. ऊस घालणारे सभासद आणि विमानाची वाट पाहणारे व्यापारी, दोघेही माझ्याच नात्यात आहेत आणि दोघांशीही मला बोलणे चालू ठेवायचे आहे. माझा विषय फार खालचा आहे. विमानाच्या पुढच्या चाकाजवळ, खाली उभ्या माणसाच्या हाताला येईल अशा ठिकाणी, हेडसेटची वायर लावण्यासाठी एक छोटा सॉकेट असतो. त्यात वायर खोचली की खाली उभा असलेला माणूस आणि वर बसलेला वैमानिक एकमेकांशी बोलू शकतात. विमान निघण्याआधीची ती पाच-सात मिनिटे आणि त्यांत उच्चारली जाणारी दहा-बारा वाक्ये, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

त्या वायरच्या खालच्या टोकाला मी एकतीस वर्षे उभा राहिलो. सोलापुरातून मुंबईला गेलो तेव्हा चोक, म्हणजे चाकांना लावायची उटी, उचलणारा हेल्पर होतो, निवृत्त झालो तेव्हा नव्या मुलांना पुशबॅक, म्हणजे विमान मागे ढकलण्याचे काम, शिकवीत होतो. वडील येथल्या गिरणीत साचे चालवीत. लूमच्या खटखटाटात माणसाचा आवाज शेजारच्या साच्यापर्यंतही पोहोचत नसे, म्हणून त्या खात्यातले सगळे लोक हातांनी बोलत : धागा तुटला, बॉबिन संपली, जॉबर येतोय, पाणी प्यायला चल. प्रत्येक गोष्टीची एक खूण ठरलेली होती आणि ती खूण कोणी आपल्या मर्जीने बदलीत नसे. घरी जेवतानाही वडील मीठ हातानेच मागत, आणि आई त्यावर चिडत असे. पुढे विमानाच्या नाकाखाली उभा राहिलो तेव्हा मला लक्षात आले की मी वडिलांच्याच खात्यात नोकरीला लागलो आहे. गोंगाट तोच होता, फक्त साचा मोठा होता.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो, कारण हे पत्र केवळ अधिकाऱ्यांनी वाचावे असा माझा हेतू नाही. जेट विमान टर्मिनलकडे तोंड करून उभे असेल, तर ते स्वतःच्या इंजिनांच्या जोरावर मागे नेले जात नाही. टग नावाचा ठेंगणा, जड ट्रॅक्टर टो बार, म्हणजे पुढच्या चाकाला जोडायचा लांब दांडा, लावून त्याला मागे ढकलतो. वैमानिकाला आपल्या विमानाची शेपटी दिसत नाही, नाकाखालची जमीन दिसत नाही, पुढचे चाक दिसत नाही, आणि त्या चाकापासून काही हातांवर हेडसेट लावून चालणारा माणूसही दिसत नाही. टगच्या चालकाला शेपटी कुठे जाते आहे याचा अंदाज असतो, पण विमानाचा ब्रेक त्याच्या हातात नसतो. टॉवरमधल्या नियंत्रकाची परवानगी वैमानिकाच्या कानात येते, खालच्या माणसाच्या नाही. म्हणजे परवानगी एकाकडे, ब्रेक त्याच्याकडेच, ढकलण्याचे बळ दुसऱ्याकडे आणि डोळे तिसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे. हे चारही धागे एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे ती वायर आणि तिच्यातून जाणारे शब्द.

हे शब्द आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, ठरवून दिलेले आहेत. खालचा माणूस विचारतो, ‘आर यू रेडी फॉर पुशबॅक?’ वैमानिक सांगतो, ‘रेडी फॉर पुशबॅक.’ मग खालून येते, ‘कन्फर्म ब्रेक्स रिलीज्ड’, वरून उत्तर येते, ‘ब्रेक्स रिलीज्ड’, आणि त्यानंतरच ‘कमेन्सिंग पुशबॅक’. ढकलणे संपले की ‘पुशबॅक कम्प्लीटेड’, ‘कन्फर्म ब्रेक्स सेट’, ‘ब्रेक्स सेट’. मग वैमानिक ‘डिस्कनेक्ट’ म्हणतो आणि खालचा माणूस सांगतो की मी वायर काढतो आहे, माझ्या हाताच्या इशाऱ्यासाठी डाव्या किंवा उजव्या बाजूला पाहा. यातला शेवटचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण वायर काढल्या क्षणापासून दोघांमध्ये शब्द उरत नाही, फक्त नजर उरते. खालचा माणूस बाजूला जातो, वैमानिकाला दिसेल अशा जागी उभा राहतो, बायपास पिन आणि तिची लांब लाल पट्टी हात वर करून दाखवतो आणि अंगठा दाखवतो. वैमानिकाने तो पाहून उत्तर दिले म्हणजे मगच विमान स्वतःच्या बळावर हलायचे. ही बायपास पिन पुढच्या चाकाचे स्टिअरिंग तोडून ठेवते, जेणेकरून ढकलताना वैमानिकाचा हात चुकून लागला तरी चाक वळून टो बार कोणाच्या पायावर फिरणार नाही. ती काढायची राहिली तर वैमानिकाला विमान वळवता येत नाही. आणि लावायचीच राहिली तर काय होते, ते ज्याने एकदा पाहिले आहे तो पुन्हा कधी टो बारच्या आत पाय ठेवीत नाही.

आता मराठीत येऊ. ‘ब्रेक सोडला’ आणि ‘ब्रेक सोडला?’ या दोन वाक्यांत कागदावर एका प्रश्नचिन्हाचा फरक आहे, तोंडी केवळ सुराचा. हेडसेटमध्ये, इंजिनाच्या आवाजात, घामाने ओला झालेला माइक ओठांपासून जरा सरकलेला असताना, सूर हाच सगळ्यांत आधी मरतो. इंग्रजीतही हीच अडचण आहे, म्हणून तर त्या वाक्याच्या आधी ‘कन्फर्म’ हा शब्द बसवलेला आहे : तो ऐकू आला तर प्रश्न, नाही आला तर उत्तर. हा शब्द आपल्याकडे सर्रास गाळला जातो, कारण तो फालतू औपचारिक वाटतो. मलाही वाटत असे.

एका पावसाळी रात्री, एका मोठ्या विमानतळावर, मी तो गाळला. मी विचारले, ‘ब्रेक्स रिलीज्ड?’ वरून उत्तर आले, ‘ओके.’ तो ‘ओके’ माझ्या प्रश्नाला होता की त्याच वेळी सहवैमानिक त्याला वाचून दाखवीत असलेल्या चेकलिस्टला, हे मला आजपर्यंत कळलेले नाही. मी टगवाल्याला अंगठा दाखवला. पार्किंग ब्रेक लागलेलाच होता. टगने जोर लावला आणि टो बारमधली शिअर पिन तुटली. ती तुटण्यासाठीच असते, नाहीतर विमानाचे पुढचे चाक मोडेल. पण ती तुटताना जो आवाज होतो तो बंदुकीच्या बारासारखा असतो, आणि टो बारने जी उसळी घेतली तिने आमच्या एका हेल्परची नडगी मोडली. चौकशी झाली. टगचालकाला दोष दिला गेला, त्याची वेतनवाढ थांबली. कोणता शब्द कोणी उच्चारला, हे त्या चौकशीत मला कोणीही विचारले नाही, आणि मीही आपण होऊन सांगितले नाही. हे मी पहिल्यांदाच जाहीरपणे लिहितो आहे. तो चालक आता हयात नाही.

म्हणून ‘ओके’ या शब्दाशी माझे जुने वैर आहे. तो मान्यता आहे की पोच आहे की नुसती सवय, हे बोलणाऱ्यालाही नेहमी सांगता येत नाही. ‘क्लिअर’ हा दुसरा तसलाच शब्द. टॉवरची परवानगी मिळाली तरी ‘क्लिअर’, मागची जागा मोकळी आहे तरी ‘क्लिअर’, इंजिन सुरू करायला हरकत नाही तरी ‘क्लिअर’. टॉवरच्या प्रमाण वाक्यात पुशबॅकसाठी ‘अप्रूव्ह्ड’ हा शब्द आहे तो उगाच नाही. ‘गो अहेड’ तर त्याहून वाईट : बोलणाऱ्याला म्हणायचे असते ‘सांगा, ऐकतो आहे’, आणि ऐकणाऱ्याला वाटते ‘पुढे चला’. ब्रिटनने रेडिओवर त्याऐवजी ‘पास युवर मेसेज’ असे म्हणण्याचा दंडक घातला तो याच भीतीने. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे गेली, त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचे, हा नियम जगाने स्वीकारला. एका शब्दाला एकच अर्थ असावा, ही शिस्त धावपट्टीवर आली. एप्रनवर, म्हणजे विमाने उभी राहतात त्या जागेवर, ती अजून अर्धवटच आहे.

आणि आपल्या मराठीत तर या संकटाला खास आपली अशी वळणे आहेत. ‘जाऊ दे’ म्हणजे ढकल, आणि ‘जाऊ दे’ म्हणजे सोडून दे, राहू दे. ‘हां’ एकदा म्हटले तर होकार आहे, लांबवून म्हटले तर ‘ऐकतोय’, आणि ‘हां हां हां’ असे तीनदा भराभर म्हटले तर ‘अरे थांब, पडशील’. जुना पुण्याचा नाका असो की मार्केट यार्ड, ट्रक मागे घेताना क्लीनर ओरडतो, ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास!’, आणि ते चालते, कारण चालकाला तो आरशात दिसत असतो आणि ट्रकला फार तर भिंत लागते. विमानाला आरसा नसतो. शिवाय आपल्या शहरात एका भाषेवर भागत नाही : पूर्व भागातला मुलगा घरी तेलुगू बोलतो, अक्कलकोटकडचा कन्नड, विजापूर वेशीतला दखनी, आणि तिघे मिळून एप्रनवर आपली अशी एक मराठी-हिंदी बोलतात. कन्नडातला ‘ब्याडा’ आणि तेलुगूतला ‘वद्दु’ दोन्ही ‘नको’च आहेत, पण मुंबईहून आलेल्या वैमानिकाने ते का ओळखावेत? (‘बे’ या शब्दाचे काय करावे हे मला खरोखर सुचत नाही. विमान उभे करण्याच्या जागेला सगळे ‘बे’ म्हणतात, आणि सोलापुरात प्रत्येक वाक्य त्याच शब्दाने संपते. ‘कुठल्या बे वर आहे बे?’ हे वाक्य मी येथे येऊन ऐकले आहे.)

याचा अर्थ स्थानिक पोरांना हेडसेट देऊ नये असा कोणी काढील, म्हणून लगेच सांगतो की माझे म्हणणे बरोबर त्याच्या उलट आहे. ज्याच्या घरात दोन भाषा आहेत त्याला शब्द जपून वापरण्याची सवय असते. त्याला अवघड इंग्रजीची गरजच नाही. वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी आयकाओने २००८ पासून इंग्रजीची किमान पातळी ठरवली, चौथी. पण ती पातळी हेडसेट लावणाऱ्या माणसाला लागू नाही. ही उणीव आहे असे अनेकांना वाटते, मला मात्र त्यात थोडी सोयही दिसते : खालच्या माणसाला इंग्रजी यायला हवे असे नाही, त्याला दहा-बारा इंग्रजी वाक्ये यायला हवीत, आणि ती दगडावर कोरल्यासारखी यायला हवीत. अडचण तेव्हा होते जेव्हा वरचा माणूस आपल्या फर्ड्या इंग्रजीत त्या वाक्यांचे नवे नवे पाठभेद काढतो. ‘वी आर गुड टू गो, बॉस, होल्ड ऑन, जस्ट अ सेक, ओके नाऊ’ हे वाक्य मी प्रत्यक्ष ऐकलेले आहे. त्यातून जायचे की थांबायचे, हे ऑक्सफर्डच्या पदवीधरानेही मला सांगावे.

कोणी असेही म्हणेल की सोलापुरात या चर्चेची एवढी काय निकड आहे. विमाने मोजकी. एटीआरसारखे पंख्याचे विमान तर, पुढे जागा असेल तर, टगशिवाय आपले आपण वळून निघते. हे खरे आहे, आणि म्हणूनच मला काळजी वाटते. जे काम दिवसातून चाळीस वेळा होते ते हाताला येते. जे क्वचित होते ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच होते. शिवाय पुशबॅक नसला तरी संवाद असतोच. एटीआरमध्ये, इतर विमानांत असते तसे, शेपटीतले छोटे सहायक इंजिन नसते. त्याऐवजी उजव्या बाजूचे इंजिन चालू ठेवून त्याच्या पंख्याला ब्रेक लावून ठेवता येतो, ज्याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. म्हणजे इंजिन धडधडते आहे, वीज आणि थंड हवा मिळते आहे, आणि जवळजवळ चार मीटर व्यासाचा सहा पात्यांचा पंखा स्थिर आहे. तो ब्रेक केव्हा सुटणार, हे वैमानिकाला ठाऊक असते; पंख्याजवळून जाणाऱ्या माणसाला ते सांगावे लागते, आणि त्याच्याकडून ‘बाजूला झालो’ हे परत ऐकावे लागते. टग नसला तरी येथे वायर हवीच.

जेटचा धोका वेगळ्या प्रकारचा असतो, कारण तो दिसत नाही. १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एका विमानाचा पुशबॅक पूर्ण झाला होता, इंजिने चालू होती, आणि जमिनीवरचे लोक दूर झाल्याची खूण मिळण्याआधीच विमान चालू लागले. तिथे अजून उभा असलेला एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. खालचा इशारा वर चुकीचा समजला गेला, असे तेव्हा सांगण्यात आले. मी वर ज्या शेवटच्या भागाला सगळ्यांत महत्त्वाचा म्हटले, वायर निघाल्यानंतरच्या नजरेच्या त्या क्षणाला, तो हाच क्षण. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी येथे एम्ब्रेअर १७५ जातीच्या विमानाच्या चालू इंजिनात एक कर्मचारी महिला ओढली गेली. ते विमान नुकतेच येऊन थांबले होते, त्याचे सहायक इंजिन बंद पडलेले असल्याने जमिनीवरची वीज जोडेपर्यंत मुख्य इंजिन चालू ठेवावे लागणार होते, आणि ही गोष्ट त्या चमूला विमान येण्याआधी बैठक घेऊन सांगितलेली होती. म्हणजे सांगणे झाले होते. सांगितलेले त्या माणसाच्या मनात त्या क्षणी आहे की नाही, हे मात्र कोणी तपासून पाहिले नव्हते. आपले मुंबईचे विमानही एम्ब्रेअरच आहे, आणि त्याची इंजिने पंखाखाली, जमिनीपासून फार उंच नसलेल्या जागी आहेत. भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. प्रवाशाला यात काहीही धोका नाही. धोका त्या महिना पगारावर काम करणाऱ्या पोराला आहे, ज्याची आई होटगी नाक्यावर भाजी विकते.

तर माझ्या मागण्या अशा. पहिली म्हणजे कार्ड. येथे हेडसेट लावणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात एक कडक कार्ड असावे, ज्यावर प्रमाण इंग्रजी वाक्ये देवनागरीत, उच्चाराप्रमाणे, क्रमाने लिहिलेली असतील आणि प्रत्येकाखाली त्याचा अर्थ मराठीत, तेलुगूत आणि कन्नडात असेल. अर्थाबरोबरच ‘हे उत्तर आल्याशिवाय काय करायचे नाही’ तेही लिहिलेले असेल. हेच कार्ड येथे येणाऱ्या वैमानिकांनाही द्यावे, म्हणजे खालच्या माणसाला नेमके काय शिकवले आहे हे वरच्याला कळेल. वेगवेगळ्या कंपन्यांचे कार्ड वेगवेगळे असू नये. हँडलिंग करणारी पोरे तीच असतात, सकाळी एका कंपनीचे विमान आणि दुपारी दुसरीचे, आणि दोघांनी दोन पाठ दिले तर त्यांनी कोणता म्हणावा?

दुसरी गोष्ट माणसांच्या संख्येची. हेडसेट लावणारा माणूस टग चालवणारा नसावा, चोक ओढणारा नसावा आणि पंखाकडे पाहणाराही नसावा. छोट्या विमानतळावर माणसे कमी असतात आणि ‘तूच कर रे तेवढे’ म्हणणे सोपे असते. मी स्वतः असे म्हटलेले आहे. ज्याच्या कानात वैमानिक आहे त्याच्या डोक्यात दुसरे काही नसावे, एवढे साधे तत्त्व आहे, आणि ते पाळायला एक माणूस जास्त लागतो, तो द्यावा. टगवाल्याला दाखवायचा अंगठा आणि वैमानिकाला दाखवायचा अंगठा या दोन वेगळ्या खुणा आहेत, आणि घाईत एकाच हातातून निघाल्या तर गोंधळ होतो, हे मी वर लिहिलेल्या प्रसंगावरून सांगतो.

तिसरी, बंद पडलेल्या हेडसेटचा सराव. सोलापूरच्या उन्हाळ्यात एप्रनवर उभे राहणे म्हणजे काय, हे येथल्या माणसाला सांगायला नको. तेथे वायरी कडक होतात, कनेक्टर सैल होतात, कानातला पॅड घामाने वितळल्यासारखा होतो. हेडसेट बंद पडणार आहेच. तेव्हा हाताच्या खुणा लागतात, आणि त्या पुस्तकात आहेत : दोन्ही हात बाजूंना सरळ पसरून मग पंजे कानांवर नेले म्हणजे ‘हेडसेट लावून बोला’, उघडा पंजा खांद्याच्या वर धरून त्याची मूठ केली म्हणजे ‘ब्रेक लावा’, मुठीचा पंजा केला म्हणजे ‘ब्रेक सोडा’. यातली अट महत्त्वाची आहे, ती म्हणजे वैमानिकाशी नजरानजर झाली पाहिजे आणि त्याचा अंगठा मिळेपर्यंत जागचे हलायचे नाही. महिन्यातून एकदा, विमान नसताना, एका पोराला वर आणि एकाला खाली उभे करून मुद्दाम वायर काढावी आणि पूर्ण पुशबॅक केवळ हातांनी करायला लावावा. माझे वडील असते तर त्यांनी हा वर्ग फुकट घेतला असता.

चौथी गोष्ट लिहिताना थोडा संकोच होतो, कारण ती नियमात बसत नाही. ‘स्टॉप’ हा शब्द खालच्या माणसाने उच्चारला तर त्याला नंतर कोणी ‘का थांबवलेस?’ असे रागाने विचारू नये. आपल्याकडे चार पट्ट्यांच्या गणवेशाला पाहूनच पोराच्या तोंडून ‘साहेब’ निघते, आणि ‘साहेबांना थांबा कसे म्हणायचे’ हा विचार त्या अर्ध्या सेकंदात येऊन जातो. ते अर्धे सेकंद महाग आहे. थांबवून पाहिले आणि काही नव्हते, तर दोन मिनिटे उशीर झाला. तो उशीर कंपनीच्या कागदावर ज्या कारणाखाली लिहिला जातो, त्या कारणाखाली त्या पोराचे नाव नसावे. उशिराचा हिशेब कर्मचाऱ्याच्या माथी मारणारी पद्धत मी मोठ्या विमानतळावर पाहिली आहे आणि तिने माणसे मुकी होतात हेही पाहिले आहे. येथे सगळे नवीन आहे, तर ही एक जुनी गोष्ट येथे आणू नये.

वैमानिक बंधू-भगिनींना माझी वेगळी विनंती आहे. मागे ढकलताना विमान तुमच्या ताब्यात नसते, हे तुम्हाला माहीत आहे. अशा वेळी जोराने ब्रेक मारला तर ते शेपटीवर बसू शकते, हेही माहीत आहे. म्हणून ज्याच्या ताब्यात ते आहे, त्याला बोलू द्या. टॉवरने दिलेली दिशा, तोंड पूर्वेला की पश्चिमेला, जशीच्या तशी खाली सांगा आणि त्याच्या तोंडून परत ऐका. ‘नेहमीसारखे’ म्हणू नका, कारण काल तिथे उभा असलेला माणूस आज सुटीवर असू शकतो. चेकलिस्ट वाचताना इंटरफोनचा, म्हणजे खालच्या हेडसेटशी बोलण्याचा, स्विच बंद ठेवा. त्याचे वाक्य पूर्ण होऊ द्या, त्याचे इंग्रजी हळू असेल तर हळू ऐका, आणि तुमचेही हळू करा. वायर निघाल्यावर त्याच्याकडे पाहा, पिन मोजा, आणि मग हात हलवा. मुंबईत मी दोन-तीन कॅप्टन असे पाहिले की ते बंद होणाऱ्या हेडसेटमध्ये शेवटी ‘थँक यू, नीट जा’ असे मराठीत म्हणत. ते प्रमाण वाक्यांत नाही, पण ते सगळी कामे झाल्यावर म्हणत, मध्येच नाही, म्हणून मला त्यात कधी दोष दिसला नाही.

कार्डाचा मसुदा मी हाताने लिहून तयार ठेवला आहे. मराठी ओळी माझ्या आहेत. तेलुगू ओळी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी तपासून दिल्या आणि तीन ठिकाणी बदल सुचवले. कन्नड ओळी अजून तपासायच्या आहेत. विमानतळावर काम करणाऱ्यांपैकी कोणी अक्कलकोट किंवा इंडीकडचा असेल तर त्याने त्या मोठ्याने वाचून पाहाव्यात, कारण त्या वाचायच्या नाहीत, ओरडायच्या आहेत. विमानतळाच्या आत येण्याचा पास मला आता मिळत नाही, त्यामुळे बाहेरच्या कॅन्टीनमध्ये, कोणत्याही दिवशी सकाळी, मी तो घेऊन येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्राउंड तंत्रज्ञ,
सोलापूर